पायाखाली

राहे गावात ऑक्टोबर ते एप्रिल
रस्त्यावर मीठ टाकतात.
पोलादाच्या कारखान्यात मी दिवसभर पत्रे लाटते
आणि घरी येऊन
मिठाने खाल्लेला पत्रा कापते.
हसू नका.

गाडी बहात्तर सालची डॅटसन, लांब नाकाची.
कागदावर नारिंगी लिहिलंय.
मी घेतली तेव्हा
गवताच्या गंजीआड गंजत पडली होती.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना,
ती या गाडीत बसून
बघता यायची.

तौनो काल्लिओने विकली.
चौतीस वर्षं त्याची, त्यातली बावीस नुसती उभी.
पैसे दोनदा मोजून घेतले,
आणि पुढच्या शनिवारी दारात हजर.
बघायला, म्हणाला.
मग प्रत्येक शनिवारी.
उलट्या बादलीवर बसतो,
थर्मासमधली कॉफी एकटाच पितो,
आणि तोंड उघडतो ते नाही म्हणायला.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं
तर म्हणाला, नाही.
टोयोटाच्या ट्रकचे ब्रेक आणले, चार पिस्टनवाले,
तर म्हणाला, नाकापेक्षा मोती जड.
पाच गिअरचा खोका टेबलावर उघडा पडलेला बघून
बराच वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, चार पुरले होते मला.
मी म्हटलं, बावीस वर्षं तर शून्यच पुरला.
त्या दिवशी कॉफी अर्धी सोडून गेला.

वाईट वाटलं. थोडंसं.
गॅरेजमध्ये उणे एकोणीस,
हीटर एका बाजूने भाजतो
आणि दुसऱ्या बाजूने पाना बोटाला चिकटतो,
अशा वेळी फार वाईट वाटून घेता येत नाही.

जानेवारीत डांबर खरवडत होते,
ड्रायव्हरच्या बाजूचं,
बोटभर जाड.
खाली पिवळं निघालं.
मग लाल किनार.
मग चार पाय.
आडवा झोपून मी दिवा जवळ नेला:
अर्धं सांबर.
पुढे सांबर आडवं येईल, जपून चालवा, सांगणारी
रस्त्यावरची पाटी,
कापून, ठोकून, रिव्हेट मारून
जमीन केलेली.

पाटी अॅल्युमिनियमची. तिला काही झालं नव्हतं.
तिच्या कडेकडेने मात्र
पोलाद बिस्किटासारखं.
दोन धातू एकमेकांना असे शेजारी ठेवू नयेत,
मध्ये ओल असली की एक दुसऱ्याला खातो,
हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

शनिवारी ती त्याच्यासमोर धरली.
हे मूळचं का?

तो पाटीकडे बघत राहिला.
बोर्ड आधीच पडलेला होता, म्हणाला.
सीकायोकीच्या वळणावर. बर्फात.
मग बऱ्याच वेळाने,
इंकेरीला औलूला सोडायचं असायचं रोज,
तिचे पाय भिजायचे.
इंकेरी कोण ते मी विचारलं नाही.
त्याने थर्मास माझ्याकडे सरकवला.

नवी जमीन मी आमच्याच गिरणीच्या पत्र्याची केली,
दीड मिलिमीटर, दोन्हीकडून रंगवून.
वेल्डची रेघ काही ठिकाणी वाकडी आहे.
तिथे घासायला जीव झाला नाही,
आणि गालिचाखाली कोण बघतंय.

मे महिन्यात रस्ते धुऊन मीठ गेलं.
सहाही सिलिंडर एकदम बोलले
आणि तौनो म्हणाला, आवाज बदललास.
पण बसला.
पट्टा बांधायला मदत करू दिली नाही.

बंदराच्या रस्त्यावर पाचवा टाकला.
तो काही बोलला नाही,
फक्त खिडकीवरचा हात आत घेतला.
पुढे क्रेनच्या सावलीत
वितळलेल्या बर्फाचं मोठं डबकं होतं.
मी ब्रेक न लावता सरळ घातली,

आणि त्याने
बूट घातलेले दोन्ही पाय
वर उचलले.

पाणी खालून धडाडत गेलं.
एक थेंब आला नाही.
डबकं संपून बराच रस्ता झाला
तरी ते तसेच, अधांतरी.